धाकल्या होडीला थोरला धक्का

हसायचं असंल तर कपातला चहा आधी संपवा, न्हायतर कप खाली ठिवा. मागं शेजारच्या पाव्हणीला ह्योच किस्सा सांगितला, तर तिच्या नाकातनं चहा आला आन् सगळ्यांनी दोष दिला मला. आता घोळ माझ्याच हातनं झाला, ही गोष्ट खरी. हातनं म्हंजी काय, खांद्यानं झाला. पण सांगते पयल्यापास्नं.

आमी उजनीच्या पाण्यावरची माणसं. करमाळ्याकडच्या काठाला आमचं गाव. धरणाचं पाणी दारापतुर आलं तवापास्नं मासं धरून खातोय. आमच्या काठाला घरोघर एकच वाटणी हाय. बाप्या होडीत पुढं बसून जाळं टाकणार आन् वढणार, बाई मागं बसून वल्हं मारणार. म्हंजी कसं, चाळीस वर्सं मी ह्या माणसाची पाठ बघत आले. तोंड बघितलं असंल ते जेवताना, त्ये बी वाढून झाल्यावर.

आमची थोरली होडी लोखंडी पत्र्याची. लांब, रुंद, आन् जड किती, तर बसलेली म्हस. तिला सकाळी काठावरनं पाण्यात लोटायची म्हंजी खायचं काम न्हाय. आमचा म्हातारा गुडघ्यानं अधू, त्यो आधीच चढून पुढं बसायचा. मग मी वल्हं काखंत मारायची, पाय गाळात रवायचे, खांदा लावायचा, डोळं मिटायचं आन् सगळा दम एकदम सोडायचा. म्हस हालली की दोन ढांगा पळायचं आन् उडी मारून आत. माझा धक्का आमच्या काठाला नावाजलेला हाय. नवी सून आली की तिला दावाया आणायचे माझा धक्का.

पण वय कुणाला चुकलंय? औंदा गुडघं माझं बी बोलाया लागलं. उडी मारताना "कट्" आवाज यायाचा आन् म्हातारा पुढनं इचारायचा, "फळी मोडली का गं?"

लेक दत्ता म्हणला, "आता पुरं. दोगं बी घरात बसा."

मी म्हणलं, "घरात बसून काय करू? तुज्या बायकोसंगं भांडू?"

आतनं सून म्हणली, "त्ये तर आत्याबाई पाण्यावरनं आल्यावर बी करतेत."

हाय की न्हाय गुणाची? मीच पसंत केलीय.

तर लई घासाघीस झाली आन् शेवटी तोड निघाली की थोरली होडी काढायची आन् धाकली घ्यायची. हलकी, फायबरची, दोगांपुरती. थोरली आमच्या धाकल्या जावंला द्यायची, शेवंताला. तिची पोरं दांडगी हायती, त्यास्नी पेलंल. आन् दत्तानं एक अट घातली.

"पंधरा दिस मी बघणार. एक जरी घोटाळा झाला, तर होडी दुसऱ्याला देऊन टाकीन. मग पाण्याचं नाव काढायचं न्हाय. दोगांनी बी."

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पाण्यावर न्हाय गेला तर त्यो माणूस दोन महिन्यांत वाळून जाईल, ह्ये मला ठावं हाय. आन् मी? मी तर पंधरा दिसांत घर पेटवीन. मी दत्ताच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली. घोटाळा व्हायचा न्हाय.

होडी आली. निळी, गुळगुळीत, टेम्पोतनं दोगांनी बाजेसारखी उचलून आणली. मला तर ती होडी कमी आन् परात जास्त वाटली. आत दोन फळ्या. दोन माणसं बसली की तिसरा जेवणाचा डबा, त्यो बी मांडीवर घ्यायचा.

पयल्या दिशी दत्तानंच आमाला बशीवलं आन् एका हातानं लोटून दिलं. वल्हं नुसतं पाण्याला दावलं तरी होडी पळत हुती. म्हातारा खूश, मी खूश, मासं बी बरं घावलं.

दुसऱ्या दिशी दत्ता वर काठावर राखुंडीनं दात घासत उभा ऱ्हायला. म्हणलं, त्याला कशाला हाक मारा? आपल्या होडीला आपुन लोटू, त्याला बी दिसू दे आई अजून धड हाय.

थंडी लई हुती. म्हाताऱ्यानं कानटोपी घातलेली, तिच्यावरनं मफलर गुंडाळलेला. तसं बी त्याला उजव्या कानानं कमी आन् डाव्या कानानं मर्जीनं ऐकू येतंय. त्यो पुढच्या फळीवर बसला, मांडीवर जाळं घेतलं आन् गुंता सोडवाया लागला.

मी वल्हं काखंत मारलं. पाय रवलं. खांदा लावला. डोळं मिटलं.

आता तुमीच सांगा, होडी बदललीय ह्ये माझ्या डोक्याला ठावं हुतं, खांद्याला कुणी सांगितलं हुतं? चाळीस वर्सं त्यानं म्हस लोटलेली. त्यानं म्हशीचा धक्का त्या परातीला दिला.

होडी सुटली ती जणू गलोलीतनं सुटली. आन् खांद्यापुढं काय बी न्हाय म्हणल्यावर मी पालथी पडले पाण्यात. नाकातोंडात गाळ. उठून बघते, तर होडी तिकडं लांब, म्हातारा होडीत, आन् वल्हं माझ्या काखंत.

आन् म्हाताऱ्याला पत्ताच न्हाय. त्यानं धक्का वळखला. रोजचाच धक्का. मागं बाई बसलीच असणार. त्यो आपला पाठ करून जाळं सोडवतोय आन् बोलतोय. सकाळी सकाळी त्याला लई बोलाया लागतंय. एक हात वर जातोय, खाली येतोय. काय तरी मोठं सांगत हुता मला. आन् मागनं वारं असं बेतानं लागलेलं की होडी सुतात चाललीय.

आता आली का पंचाईत? मोठ्यानं हाक मारावी तर दत्ता ऐकतोय. हळू मारावी तर म्हातारा ऐकत न्हाय.

"अवं," म्हणलं, "अवं, दत्ताचं बाबा." एवढ्या हळू आवाजात मी लगीन झाल्यावर पयल्या आठ दिसांतच बोलले असंन.

होडी चाललीच.

बाजूला शेवंता दिसली. आमच्याच जुन्या थोरल्या होडीत बसून जाळं झटकत हुती. मी वली गच्च तशीच तिच्यापाशी गेले.

"शेवंता, होडी काढ. म्हातारा चाललाय."

"कुटं?"

"पुढं."

"मग जाऊ द्या की आक्का. तुमी न्हाय गेलासा?"

"आगं, वल्हं माझ्यापाशी हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. वल्ह्याकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं. होडी सरळ, न डगमगता, जणू बैलगाडी चाकोरीतनं चाललीय.

"वल्हं तुमच्यापाशी, तुमी हितं, आन् होडी चालतीय," ती म्हणली. "आक्का, मी परत लुगडं नेसून येऊ का?"

ह्या लुगड्याचं सांगाया पायजे. मागल्या थंडीत पाण्यावर ते लांब पायाचं गुलाबी पक्षी बघाया शहरातली माणसं आली हुती. मी शेवंताला सांगितलं, त्यातली एक बाई मासं धरणाऱ्या बायकांचं फोटू काढणार हाय, पेपरात यायचेत. ही बया लग्नातलं लुगडं नेसून, नथ घालून, दुपारपतुर होडीत बसून ऱ्हायली. तवापास्नं मी "आज सोमवार" म्हणलं तरी ती कॅलेंडर बघून येती.

"आगं खरंच सांगते. देवाशपथ."

"लुगड्याला बी देवाशपथच हुती."

पण बघता बघता तिचं तोंड उतरलं. डोळं बारीक करून म्हणली, "आक्का. इंजिन बशीवलंय न्हवं?"

"काय?"

"आमच्या गळ्यात ह्ये लोखंड बांधलं आन् सोताला इंजिनाची होडी. तरी मी म्हणलं, एवढ्या हसत हसत दिली कशी."

मी तोंड उघडणार, तवर मागनं दत्ता आला. तोंडात राखुंडी, हातात तांब्या.

"काय झालं गं? वली कशानं झालीस?"

आता खरं सांगितलं असतं तर इषय तितंच मिटला असता. होडी काढली असती, म्हाताऱ्याला वढून आणलं असतं. पण दुसऱ्याच दिशी घोटाळा? तेरा दिस बाकी असताना? माझ्या डोळ्यापुढं म्हातारा वट्ट्यावर भिताडाला टेकून बसलेला दिसला. आन् माझी जीभ, तिला तर जलमभर वळण न्हाय.

"काय न्हाय," म्हणलं, "शेवंताला इंजिन दावत हुते."

"कसलं इंजिन?"

"आपल्या होडीचं. नव्या तऱ्हेचं हाय. आवाज न्हाय, धूर न्हाय."

"आई, होडी मी आणली. टेम्पोतनं मी उतरवली."

"तुला बाहीरनं दिसतंय व्हय? आत असतंय त्ये."

"मग तू हितं का?"

"वजन झेपत न्हाय त्याला. एकटाच माणूस चालतोय."

दत्तानं चूळ भरली, थुकला, आन् पाण्याकडं बघत ऱ्हायला. होडी बिनवल्ह्याची चाललीय ह्ये तर त्याच्या बी डोळ्यापुढं. तवर शेवंतानं हाका मारून चार माणसं गोळा केली. एक म्हणला, बॅटरीवरचं असंल. मी मान हालवली. दुसरा म्हणला, "का उन्हावरचं हाय?" मी त्याला बी मान हालवली.

"पण काकी, ऊन तर आत्ता कुटं पडाया लागलंय."

"म्हणून तर हळू चाललंय," म्हणलं. "दहा वाजू द्या, मग बघा."

माझं मलाच कौतुक वाटाया लागलं बघा. त्यातला एक जण तर म्हणत हुता, आपुन बी असलं घेऊ. मी त्याला फळी किती रुंद लागती त्ये बी सांगितलं. आन् मनातल्या मनात म्हणत हुते, आता ही माणसं पांगली की शेवंताचं पाय धरायचं, म्हाताऱ्याला गुमान आणायचं, कुणाला कळायचं न्हाय.

पण पाण्यावर सकाळी एक लाँच असती. ह्या काठाची माणसं, फटफट्या, भाजीच्या पाट्या, सगळं पलीकडं न्हेती. ती आली समोरनं. तिनं भोंगा दिला. एवढा भोंगा म्हाताऱ्याला बी ऐकू गेला. त्यानं वर बघितलं, लाँच दिसली, आन् "मार वल्हं डाव्या अंगाला" म्हणाया त्यो मागं वळला.

मागं कोण?

कोण बी न्हाय. मोकळी फळी. आन् फळीवर माझा डबा.

काठावरनं आमाला एवढंच दिसलं की म्हातारा ताडकन उभा ऱ्हायला आन् लाँच थांबली. मग दत्ताचा फोन वाजला. लाँचवाल्याचा आवाज आमाला सगळ्यास्नी ऐकू आला, एवढा त्यो वरडत हुता.

"दत्ता, ये लवकर. तुजी आई पाण्यात पडली."

दत्तानं फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं बघितलं. मी उभी. लुगड्यातनं पाणी गळतंय, केसात शेवाळ.

"आई हितं हाय," त्यो म्हणला.

"आरं न्हाय, तुजं बाबाच सांगतेत. मघापतुर मागं बसली हुती, वल्हवत हुती. बांबू घालून बघतोय आमी."

मी फोन हिसकून घेतला. "द्या त्यास्नी. अवं, मी हितं काठावर हाय. मला काय झालं न्हाय. तुमी बसा खाली, पडचाल."

मग म्हातारा लाँचवाल्याला सांगताना ऐकू आला. रडत हुता.

"ही ती न्हाय. दुसरी कोनतरी बोलतीय."

"आवं मामा, आवाज तर काकीचाच हाय."

"आवाज असंल. पण 'बसा खाली, पडचाल' असं ती चाळीस वर्सांत म्हणली न्हाय. ती असती तर आधी खेकसली असती. तू बांबू लाव, हितं, डाव्या अंगाला."

आता बोला. जलमात एकदा नवऱ्याशी गोड बोलले, तर त्यानं मला मेलेली धरली.

मी खेकसाया तोंड उघडलं, तवर फोन लाँचवाल्याच्या हातात गेलेला. त्यो म्हणला, "दत्ता, बाबा पाण्यात उतराया निघालेत, आमी दोगांनी धरून ठिवलंय. ये बाबा लवकर."

त्या पाण्यात. असल्या थंडीत. तसला गुडघा घेऊन. मला शोधाया.

मग मला काय सुचलं न्हाय. दत्ताला म्हणलं, "इंजिन बिंजिन काय न्हाय. मी धक्का दिला आन् माझ्याबिगर गेली होडी. नंतर काय शिव्या द्यायच्या त्या दे. आता चल."

थोरल्या होडीला खांदा लावला. तिला मात्र माझा धक्का बरोबर बसला बघा. दत्ता चढला, मी चढले, शेवंता आधीच आत हुती. मी वल्हं मारलं, दत्तानं दुसरं मारलं. वाटंत शेवंता म्हणली, "म्हंजी इंजिन न्हायच?"

लाँचपाशी पोचलो. म्हातारा कडंला बसलेला, दोगांनी दंडाला धरलेलं. कानटोपी हातात. नजर खाली पाण्यात. मी येतेय त्ये त्याला दिसलंच न्हाय, त्यो खालीच बघत हुता.

मी होडीत उभी ऱ्हायले आन् माझ्या खऱ्या आवाजात वरडले. "कानटोपी घाला आधी. का सर्दी करून माझ्या जिवाला घोर लावताय?"

त्यानं मान वर केली. बघत ऱ्हायला, बघत ऱ्हायला. मग डोळं पुसलं आन् म्हणला, "वल्हं कुटं हाय?"

"ह्ये काय."

"मग मला हितपतुर कुणी आणलं?"

"वाऱ्यानं."

लाँचवर भाजीवाल्या बाया, कालेजातल्या पोरी, फटफटीवाले, सगळी माना लांब करून बघत हुती. म्हातारा इचार करत हुता.

"तरीच," त्यो म्हणला. "मी म्हणलं, आज होडी एवढी सरळ कशी चाललीय. एक हिसका न्हाय, एक गचका न्हाय. मी तुला सांगत बी हुतो, चाळीस वर्सांत असं वल्हं तू पयल्यांदा मारलंस."

सगळी लाँच हसली. ती भाजीवाली तर पाटीवर पडून हसली. म्हंजी ह्या माणसानं जलमात एकदा माझं कौतुक केलं, त्ये बी मी होडीत नसताना, आन् त्ये बी वाऱ्याचं.

"आणिक काय बोललासा वाटंत?" मी इचारलं. "हात तर लई हालत हुता."

"लई बोललो."

"मग सांगा की परत."

"छ्या. एकदा सांगितलं."

तिकडं शेवंता धाकल्या होडीत वाकून फळीखाली बघत हुती. फळीखाली जाळं निघालं, वरनं घरंगळलेला माझा डबा निघाला. तिनं डबा उघडून बघितला. भाकरी आन् ठेचा. मग मला म्हणली, "आक्का, आता मी मेले तरी तुमच्या सांगण्यावर मरायची न्हाय."

काठाला आलो. दत्ता खाली उतरला आन् कंबरंवर हात ठिवून उभा ऱ्हायला. मला वाटलं, झालं, संपलं आपलं पाणी.

"घोटाळा झाला का न्हाय?"

"झाला," म्हणलं.

"होडीचा का तुजा?"

खोटं बोलायची हीच येळ हुती. पण म्हातारा कानटोपी घालून माझ्याकडं बघत हुता. "माजा," म्हणलं.

तवर म्हातारा म्हणला, "होडीचं काय चुकलं न्हाय. ती एकटी बी सुतात चालती. होडी मला पायजे."

"आन् आई?" दत्तानं इचारलं.

म्हाताऱ्यानं कानटोपी काढली, झटकली, परत घातली. मुद्दाम. मला तवर घाम फुटला, वल्या लुगड्यात.

"ती बी पायजे," त्यो म्हणला. "पण आता मोजून घेणार."

तवापास्नं आमचं असं चाललंय. आधी मी होडीत बसायचं. मग म्हातारा. मग दत्ता दोन बोटांनी लोटणार, खांदा लावायचा न्हाय. लोटायच्या आधी म्हातारा मागं न बघता इचारतो, "हाय का?"

मी म्हणते, "हाय."

पण नुसत्या आवाजावर त्याचा भरवसा उडालाय. मग वळतो आन् म्हणतो, "हात वर कर."

मी दोन वर्सं शाळंत गेलेली. मास्तर रोज नाव पुकारायचा, पण मी हजेरीला एकदा बी हात वर केला न्हाय. मी शेजारणीचा धरून वर करायचे. आन् आता रोज सकाळी, सगळा काठ बघत असतोय, शेवंता तर जाळं खाली ठिवून बघती, मी वल्हं मांडीवर ठिवते आन् हात वर करते.

एक केला तर म्हणतो, "दुसरा बी."